फुलांवरच्या पाट्या

पाटी ही चीज पुण्याच्या लोकांनी शोधून काढली, असा पुण्याच्या लोकांचा समज आहे. तो दूर करण्याचे धाडस आजवर कुणी केलेले नाही, आणि मीही ते पुण्यात उभा राहून करणार नाही. पण खरी गोष्ट अशी, की पेठा वसण्याच्या कित्येक कोटी वर्षे आधी फुलांनी पाट्या लावायला सुरुवात केली होती. फरक एवढाच, की पुण्याची पाटी आलेल्याला परत पाठवण्यासाठी असते, तर फुलाची पाटी जाणाऱ्याला आत बोलावण्यासाठी. 'मध आत आहे. सरळ यावे. पाय पुसू नयेत.' पाय पुसले तर पायांना लागलेले पराग दुसऱ्या फुलापर्यंत पोचणार कसे?

दुसरा फरक जरा मनाला लागणारा आहे. यातल्या पुष्कळशा पाट्या आपल्याला वाचताच येत नाहीत. आपल्याला न दिसणाऱ्या शाईने त्या लिहिलेल्या आहेत. आमच्या वेळच्या पुस्तकांत या शाईला 'जंबुपार' असे भारदस्त नाव होते. जांभळ्याच्या पार, म्हणून जंबुपार. हल्लीची वर्तमानपत्रे 'अतिनील' म्हणतात आणि क्रीम विकणारे 'यूव्ही' म्हणतात. मला जंबुपारच आवडते. त्यात जांभळाची चव आहे.

या पाट्यांचा शोध कसा लागला याची हकिगत एखाद्या कौटुंबिक भांडणासारखी सव्वाशे-दीडशे वर्षे चालली, आणि तिची सुरुवात एका हेडमास्तरांची नोकरी जाण्याने झाली.

बर्लिनजवळच्या स्पांडाऊ गावात क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल नावाचे हेडमास्तर होते. त्यांचे डोळे दुखत आणि मनही उदास असे. हाइम नावाच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितले, जरा मोकळ्या हवेत जा, झाडेपाने बघत चला. डॉक्टर हा सल्ला सगळ्यांनाच देतात. पण तो तंतोतंत पाळणारा पेशंट त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटला असावा. १७८७ साली एका रानजिरॅनियमच्या पाकळ्यांच्या बुडाशी श्प्रेंगेलमास्तरांना बारीक लव दिसली. देव उगीच केस उगवणार नाही, हा त्यांचा विश्वास. विचार करता करता त्यांच्या ध्यानात आले, की ही लव आतल्या मधावर पावसाचे पाणी पडू नये म्हणून आहे. पुढच्या वर्षी 'फर्गेट-मी-नॉट'च्या इवल्याशा निळ्या फुलात त्यांना मधोमध पिवळे कडे दिसले. ते किड्याला मधाची वाट दाखवण्यासाठी आहे, असे त्यांनी ठरवले. १७९३ साली साडेचारशेंवर वनस्पतींची तपासणी करून त्यांनी जाडजूड पुस्तक छापले. त्यात सांगितले, की फुलांचे रंग, वास आणि पाकळ्यांवरच्या रेघोट्या यांचा तुमच्या आमच्याशी काही संबंध नाही. हा सगळा थाट किड्यांसाठी आहे.

आता हे कुणाला आवडेल? हजारो वर्षे माणूस फुले देवाला वाहत आला, प्रेयसीला देत आला, पुढाऱ्यांच्या गळ्यात घालत आला. ती मुळात माश्यांसाठी आहेत, असे एका शाळामास्तराने सांगायचे! विद्वानांनी पुस्तकाकडे पाठ फिरवली. मास्तर वर्ग सोडून कुंपणापाशी तासन्‌तास फुलांकडे बघत बसतात, अशा तक्रारी होत्याच. १७९४ साली त्यांना पेन्शनीत काढण्यात आले. १८१६ मध्ये ते वारले. पुढे १८४१ साली रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून चार्ल्स डार्विनने ते पुस्तक वाचले आणि तो त्याच्या प्रेमात पडला. पण पेन्शनीत गेलेल्याला मेल्यावर पंचवीस वर्षांनी बढती मिळून उपयोग काय?

अर्थात मास्तरांनी वाचल्या त्या साध्या शाईच्या पाट्या. दुसरी शाई सापडली ती येना गावात. १८०० साली विल्यम हर्शेलने लाल रंगाच्या अलीकडे, जिथे काहीच दिसत नाही तिथे, थर्मामीटर ठेवला आणि पारा चढला. ही बातमी ऐकून योहान विल्हेल्म रिटर या चोविशीतल्या तरुणाने ठरवले, की एका टोकाला काही आहे तर दुसऱ्या टोकालाही असलेच पाहिजे. निसर्ग एकाच बाजूला गॅलरी काढणार नाही. १८०१ साली त्याने चांदीचे क्लोराइड लावलेला कागद वर्णपटात धरला. कागद जांभळ्यात काळा पडला आणि जांभळ्याच्या पलीकडे, नुसत्या अंधारात, त्याहून लवकर काळा पडला. जंबुपार प्रकाश सापडला तो असा. माणसाच्या डोळ्याला नव्हे, कागदाला. रिटरने पुढे विजेच्या बॅटरीच्या तारा स्वतःच्या जिभेला, नाकाला, डोळ्यांना लावून प्रयोग केले आणि तेहतिसाव्या वर्षी, १८१० साली, तो कंगाल अवस्थेत गेला. हा चांदीचा कागद तेवढा वाचकांनी ध्यानात ठेवावा. तो पुढे आपल्याला साताऱ्यात भेटणार आहे.

यानंतर आले सर जॉन लबक. हे पेशाने बँकवाले आणि शिवाय पार्लमेंटचे सभासद. बँकेला कायद्याने सुट्ट्या मिळवून देणारे ते हेच, १८७१ साली. त्या सुट्ट्यांत बँकवाल्यांनी काय करावे हे त्यांनी स्वतः मुंग्या पाळून दाखवले. वारुळावर जंबुपार प्रकाश पाडला की मुंग्या आपली पोरेबाळे उचलून दुसरीकडे नेत. म्हणजे आपल्याला जिथे अंधार, तिथे त्यांना झगमगाट. १८८२ च्या पुस्तकात त्यांनी हे लिहून ठेवले.

तरीही म्युनिकचे नेत्रतज्ज्ञ कार्ल फॉन हेस सांगतच राहिले, की मधमाशीला रंग कळत नाहीत. मोठ्या डॉक्टरांनी एकदा 'दिसत नाही' म्हटले, की माशीने काय बोलायचे? तिच्या वतीने कार्ल फॉन फ्रिश हा तरुण उभा राहिला. त्याने टेबलावर निरनिराळ्या छटांचे करडे कागद मांडले, त्यांत एक निळा, आणि निळ्यावर साखरपाणी. मग साखरपाणी काढले, कागदांच्या जागा बदलल्या. माश्या नेमक्या निळ्यावर. हे १९१४ सालचे. माश्यांना लाल मात्र कळत नाही, तो त्यांना काळ्यासारखा. पुढे १९२४ साली आल्फ्रेड क्यून याने दाखवून दिले, की माशीला जंबुपार हा रंग म्हणून दिसतो. फ्रिशला १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर माशीच्या बाजूने बोलणे प्रतिष्ठेचे झाले होते.

पण दिसते म्हणजे काय दिसते? ते बघायला कॅमेरा हवा होता आणि कॅमेऱ्याला मिळाला रॉबर्ट वुड. बाल्टिमोरचा हा भौतिकीचा प्रोफेसर आपल्याकडे जन्मला असता तर गणपतीच्या मेळ्यातून त्याला कुणी सोडले नसते. पक्षी आणि फुले एकमेकांपासून कशी ओळखावीत, यावर त्याने १९०७ साली स्वतःच्या चित्रांसह विनोदी पद्यांचे पुस्तक काढले. त्याच्या यंत्राच्या चाळीसेक फूट लांब नळीत कोळिष्टके झाली तेव्हा त्याने एका टोकाने घरची मांजर आत सोडली आणि दुसऱ्या टोकाने झाडून निघालेली नळी आणि मळलेली मांजर परत घेतली, असे सांगतात. या गृहस्थाने क्वार्ट्झच्या लेन्सवर चांदीचा पातळ मुलामा दिला. त्यातून आपल्याला दिसणारा प्रकाश जाईना, पण जंबुपार तेवढा जाई. १९१० साली त्याने या लेन्समधून काढलेले फोटो दाखवले. त्यात पांढरीशुभ्र फुले काळवंडलेली होती, आणि भर उन्हात उभ्या असलेल्या माणसाला जवळजवळ सावलीच नव्हती. कारण जंबुपार प्रकाश सूर्याकडून जेवढा सरळ येतो, त्याहून जास्त आकाशभर विखरून सगळ्या बाजूंनी येतो. आपल्याकडे बिनसावलीचा माणूस दिसला तर आधी त्याचे पाय उलटे आहेत का ते बघतात. वुडने त्याचा शास्त्रीय पेपर केला.

मग १९२३ साली रिख्टमायर या भौतिकीच्या प्रोफेसराने फुलांवरून जंबुपार किती परततो ते मोजले, आणि १९२४ साली न्यू यॉर्कच्या म्युझियममधल्या फ्रँक लुट्झने तशा फुलांचे फोटो काढले. हा लुट्झ म्हणजे आपल्या बंगल्याच्या आवारात किड्यांच्या १,४०२ जाती मोजणारा गृहस्थ. बायकोने त्यावर काय म्हटले याची नोंद माझ्या वाचनात नाही. १९६९ साली टॉमस आयस्नर आणि त्याच्या सोबत्यांनी टीव्हीच्या कॅमेऱ्यालाच जंबुपार चष्मा लावला, आणि १९७२ साली त्यांनी 'ब्लॅक-आइड सुझन' या अमेरिकन रानफुलाच्या पाकळ्यांतून ती शाई वेगळी काढली. आपल्या डोळ्याला हे फूल सबंध पिवळे. जंबुपारात पाकळ्यांची टोके उजळ आणि बुडे काळी. नेमबाजीच्या फळ्यावर असते तसे मधोमध काळे वर्तुळ. ती शाई म्हणजे फ्लॅव्होनॉल जातीची द्रव्ये. हे फूल मेरिलँड राज्याचे राज्यफूल आहे, आणि वुडचे बाल्टिमोर त्याच राज्यात. एवढी मोठी पाटी दारात लावून फूल उभे होते.

इथपर्यंतचा इतिहास मला पाठ झाला त्याचे श्रेय माझ्या भाच्याचे. रानफुलांचे अगदी जवळून जंबुपार फोटो काढायचे हा त्याचा छंद. छंद स्वस्त नाही. कॅमेऱ्याची लेन्स बनवणाऱ्यांनी जंबुपार प्रकाशाला कायम शत्रू मानले, कारण त्याच्यामुळे फिल्मवर लांबचे डोंगर धुरकट येत. म्हणून त्याला अडवणारी काच, त्यावर लेपाचे थर. वर पुन्हा दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला 'यूव्ही फिल्टर' विकणार. त्याचे काम यूव्हीला हाकलणे. डासांच्या अगरबत्तीला आपण डासांची अगरबत्ती म्हणतो त्यातलाच हा प्रकार. भाच्याला हवा होता उलटा फिल्टर, फक्त जंबुपार आत सोडणारा, दिसायला पाटीच्या दगडासारखा काळा. असा एक फिल्टर दुर्बिणवाल्यांसाठी मिळतो, शुक्रावरच्या ढगांचे फोटो काढायला. त्याची किंमत ऐकून माझी बहीण म्हणाली, "शुक्र बघायचा तर गच्चीवर जा की. फुकट दिसतो."

डिजिटल कॅमेऱ्यातही आत एक काच असते, जंबुपाराला मज्जाव करणारी. ती भाच्याने एका जुन्या कॅमेऱ्यातून काढून घेतली. राहिली लेन्स. मुद्दाम या कामासाठी क्वार्ट्झ आणि फ्लोराइटची लेन्स निकॉनने १९८५ साली काढली होती. तिचे जुने नगही अशा किमतीला जातात, की आकडा ऐकल्यावर माणसाला सगळी फुले सारखीच दिसू लागतात.

"मामा," भाचा म्हणाला, "एन्लार्जरची जुनी लेन्स चालते. तुमच्या ओळखीत कुणी फोटोवाले आहेत का?"

ओळखीत अण्णा होते. साताऱ्यात त्यांचा स्टुडिओ होता. निम्म्या साताऱ्याची लग्ने, मुंजी आणि एसेस्सीचे पासपोर्ट फोटो त्यांच्या डार्करूममधल्या हायपोच्या वासातून पार पडले होते. डिजिटल आले आणि दोन-तीन वर्षांत डार्करूमची अडगळीची खोली झाली. एन्लार्जरचा सांगाडा भंगारवाल्याने किलोवर नेला. लेन्स तेवढी अण्णांनी काढून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, मलमलीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवली होती. मी विचारले, "लेन्स का नाही दिलीत?" तर म्हणाले, "अहो, तो डोळा आहे. माणूस गेला की डोळे दान करतात. भंगारात घालत नाहीत."

निघाली ८० मिलिमीटरची जुनी, धातूच्या अंगाची एल-निक्कोर. भाच्याचा चेहरा गुरुवारी दत्त भेटल्यासारखा झाला. या लेन्समध्ये काचा मोजक्या, लेप एकपदरी. सुधारणा कमी झाल्यामुळे जंबुपार प्रकाश तिच्यातून बऱ्यापैकी सुखरूप पार होतो. शिवाय एन्लार्जरची लेन्स जन्मभर वीतभर अंतरावरच्याच गोष्टी बघत आलेली, त्यामुळे जवळच्या फोटोला उत्तम. फूल प्रत्यक्षाहून मोठे हवे असेल तर तीच लेन्स उलटी बसवायची. तिला स्वतःला पुढेमागे सरकता येत नाही, ते काम भात्याने करायचे. ३९ मिलिमीटरचे आटे, त्याला एक कडे, कड्याला भाता, भात्याला कॅमेरा. सगळे जोडल्यावर ते यंत्र पेटीवाल्याने कॅमेरा गिळल्यासारखे दिसत होते.

अण्णांनी लेन्स दिली, पण एका अटीवर. "मी बरोबर येणार."

पहिले गिऱ्हाईक अण्णांच्या परसातच होते. पाखरांना टाकलेल्या दाण्यातून उगवलेले सूर्यफूल. हे मूळचे उत्तर अमेरिकेतले रानफूल, पण साताऱ्याच्या परसात अगदी माहेरी आल्यासारखे डुलत होते. डुलणे हीच अडचण. काळा फिल्टर लावला की प्रकाश इतका कमी होतो, की भर दुपारी चार-चार सेकंद शटर उघडे ठेवावे लागते. त्यात वारा. अण्णा छत्री आडवी धरून उभे राहिले. पांढऱ्याचा अंदाज घ्यायला भाच्याने नळाच्या आट्यांना लावतात ती टेफ्लॉनची टेप काढली. माझा पांढरा शर्ट त्याने नाकारला. धुण्यातल्या चकाकीच्या पावडरी जंबुपार गिळून टाकतात म्हणे. डोळ्यांनी आधी फोकस करायचा, मग फिल्टर लावून तो किंचित सरकवायचा, कारण जंबुपाराचा फोकस निराळ्या जागी पडतो. शटर उघडले आणि अण्णा पुटपुटू लागले, "एक हजार एक, एक हजार दोन..." चाळीस वर्षे अंधारात कागदाला उजेड पाजताना ते असेच मोजत आले होते. भाच्याच्या कॅमेऱ्याला घड्याळ आहे. पण त्याने ते सांगितले नाही. पोरगा गुणी आहे.

पडद्यावर फोटो उमटला. आपल्या सबंध पिवळ्या सूर्यफुलाच्या पाकळ्या अर्ध्या काळ्या, अर्ध्या उजळ. मधोमध काळे कडे. परसात रोज पाणी घालणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, हे असं आहे होय हे?"

अण्णा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "माशीला लाल दिसत नाही म्हणालास ना?"

"नाही दिसत."

"आणि आपल्याला दिसत नाही ते जांभळ्यापलीकडचं दिसतं."

"हो."

"मग ती आमच्या ब्रोमाइड कागदासारखीच की रे. आम्ही डार्करूममध्ये लाल दिवा लावतो तो एवढ्याचसाठी. कागदाला तो दिसत नाही. आणि निळ्यापलीकडचं त्याला चटकन दिसतं. ही लेन्स माणसाच्या डोळ्यासाठी केलेलीच नाही. कागदाच्या डोळ्यासाठी केलीय. म्हणून तिला हे फूल कळलं."

भाचा गप्प झाला. मीही. रिटरचा तो येनामधला चांदीचा कागद आणि अण्णांचा ब्रोमाइड कागद एकाच घराण्यातले. ब्रोमाइडच्या कागदावर चित्र नीट उमटायचे तर लेन्सने निळ्या-जांभळ्या कडेलाही नीट बघितले पाहिजे. माणसे आपली लग्नाचे फोटो मोठे करून भिंतीवर लावत होती, आणि माशीसारखे बघणारे यंत्र वर टांगलेले होते.

भाचा प्रामाणिक आहे. त्याने लगेच बजावले, की ही काही माशीची नजर नव्हे. जंबुपाराला आपल्या लेखी रंगच नाही. फोटोत दिसतात ते पिवळे-निळे आपण सोयीने भरतो. शिवाय माशीला लांबून इतके बारीक दिसतही नाही. ती अगदी दाराशी येते तेव्हा तिला पाटी वाचता येते. आणि पाटी हीसुद्धा नुसती पाटी नाही. सूर्यफुलांवर २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की कोरड्या प्रदेशातल्या रोपांत हे काळे कडे मोठे असते आणि त्यातली द्रव्ये पाकळ्यांतले पाणी टिकवायला मदत करतात. म्हणजे पाटीच्या पाठीमागे माठही आहे. काटकसरीचा हा प्रकार पाहून पेठांतल्या लोकांनाही फुलांविषयी आदर वाटेल.

माणसाच्या डोळ्यालाही हा प्रकाश अगदीच परका नाही. पडद्याला तो थोडा कळतो, पण डोळ्यातले भिंग त्याला वाटेत अडवते. पूर्वी मोतीबिंदूबरोबर ते भिंगच काढून टाकत. अशा लोकांना जंबुपाराची कड दिसे, हे १९४५ साली जॉर्ज वॉल्डने लिहून ठेवले आहे. आता डोळ्यात बसवतात त्या भिंगांत बहुधा तोही बंदोबस्त असतो. माझ्या आजोबांचे ऑपरेशन जुन्या पद्धतीचे. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा लावून ते सकाळी देवासाठी फुले काढीत, आणि एखादे फूल हातात घेऊन उगीच बघत उभे राहत. घरातले म्हणत, म्हाताऱ्याला धड दिसत नाही. काय दिसते, हे त्यांना कुणी विचारले नाही.

भाच्याने लेन्सचे पैसे देऊ केले. अण्णांनी ते घेतले नाहीत आणि लेन्सही दिली नाही. पुन्हा मलमलीत गुंडाळून डब्यात ठेवली आणि डबा स्वतःच्या पिशवीत. "सप्टेंबरात कासला जाऊ," म्हणाले. "सोनकी, तेरडा, सीतेची आसवं, एकेकाकडे बघू. छत्री मी धरीन." कासचे पठार साताऱ्याहून पंचवीस किलोमीटर. पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली ते जागतिक वारशात गेले, तेव्हापासून तिथे माणसांची गर्दी आणि माणसांसाठी पाट्या: फुले तोडू नयेत, फुलांवर बसू नये, वाटेवरूनच चालावे. अण्णांना त्या तोंडपाठ आहेत. त्यांना आता दुसऱ्या वाचायच्या आहेत.